कंपनीला पोळा कळतो

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत शेतात पाय घालायचा नाही. काळ्या रानाच्या चिखलात पाय रुतून मुरगळला, तर केलेलं सगळं वाया. निलंग्याजवळच्या आमच्या गावात त्या पावसाळ्यात रान शेजाऱ्याला बटईनं दिलं. बटई म्हणजे कसायचं त्यानं, पीक अर्धं अर्धं. आप्पा बाजेवर उशीवर पाय ठेवून बसले आणि दिसेल त्याच्यावर खेकसायला लागले. चहा गार, पंखा हळू, शेजाऱ्याची पेरणी वाकडी. ही शेवटची तक्रार ते रान न बघताच करायचे. एकदा तर काठी घेऊन फाटकापर्यंत पोचले होते, आईनं चप्पल लपवली म्हणून थांबले.

माझी धाकटी बहीण नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग शिकते. तिनं यावर तोड म्हणून आप्पांच्या फोनवर शेतीचा एक गेम टाकून दिला आणि सांगितलं, फुकट आहे. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तोच गेम माझ्या फोनवर आधीपासून होता, त्यामुळं तो किती फुकट आहे हे मला चांगलंच ठाऊक होतं. पण आप्पा घरात बसणार असतील तर काहीही चालेल, या मताचा मीही होतो.

त्या गेममध्ये गहू दुपारपर्यंत येतो, मका संध्याकाळपर्यंत. तेवढाही धीर नसेल तर हिरे मोजून पीक जागच्या जागी पिकवून घेता येतं, आणि हिरे खऱ्या पैशानं मिळतात. दर महिन्याला नवा सीझन, त्याचा नवा पास; तो विकत घेतला की पिकं लवकर येतात. आप्पांचं पहिल्याच दिवशी भांडण झालं, कारण गेमनं त्यांना गहू पेरायला सांगितला.

"ह्या दिवसात गहू? कोण येडं हाय रे हे?"

त्यांनी सोयाबीन शोधलं, उडीद शोधला, काही मिळालं नाही. शेवटी खरिपात चालतो म्हणून मका पेरला आणि मक्यावरच राहिले. गेम गव्हावर दुप्पट बक्षीस दाखवून दमला. थंडी पडेपर्यंत आप्पांनी गव्हाला हात लावला नाही.

पडद्यावर सारख्या उड्या मारणाऱ्या ऑफरांचंही त्यांनी आपल्या परीनं निभावलं. 'फक्त आजच' असं झळकलं की ते फोनला मोठ्यानं सांगायचे, "बघू, सांगतो," आणि फुली दाबायचे. खताच्या दुकानातल्या एजंटाला ते वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. मग उपरण्यानं काच पुसायची, कारण काचेवर जरा धूळ दिसलेली त्यांना खपत नाही.

या गेमवरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे निवडणुकीवरून झाले नाहीत. मी दर महिन्याला पास घ्यायचो. सकाळी सहापासून मुलांना शिकवणारा माणूस मक्याची राखण कधी करणार? मी वेळ विकत घेतो, असं माझं म्हणणं. बहीण फोनवरून तावातावानं भांडायची. टोप्या विका, रंग विका, कुंपणं विका, त्यानं कुणाचं बिघडत नाही, पण पीक पिकवून देणं विकू नका; मग दिवसभर राबणाऱ्यानं करायचं काय? आप्पांना दोघंही मूर्ख वाटायचो.

"पैसे दिऊन कापलेला मका तुझा कसा रे? तू तर निसता गिऱ्हाईक हायस." मला त्यांनी हे चारचौघांत ऐकवलं. मी रागानं आठवडाभर त्यांना गेममध्ये खत पाठवलं नाही.

मग पोळा आला. आमच्या घरची खरी बैलजोडी आप्पांचा गुडघा बोलायला लागला तेव्हाच विकली होती. तेव्हापासून नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं आणि पोळ्याला पूजा मातीच्या जोडीची. जोडी विकली त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते, हे घरात कुणी बोलून दाखवत नाही. गेममध्ये मात्र त्यांनी मका विकून विकून एक जोडी उभी केली होती. पोळ्याच्या दिवशी त्यांनी फोन उघडला, तर त्यातल्या एका बैलाच्या पाठीवर लालभडक झूल.

आप्पा हरखून गेले. शेजाऱ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो बैल दाखवला. "कंपनीला पोळा कळतो," असं ते प्रत्येकाला सांगत होते. दुसरा बैल उघडाच का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, "कंपनी हाय. हात आखडताच असतो." ज्या कंपनीला ते रोज शिव्या घालत, तिच्याविषयी त्या दिवसापासून त्यांचा सूर मऊ झाला.

दसऱ्याच्या आधी त्यांना तपासणीसाठी लातूरला आणायचं होतं. मका काढायला आला होता आणि चार दिवस गेमकडे बघायला होणार नव्हतं. आप्पांनी गावात करतात तेच केलं, शेत बटईनं दिलं. पासवर्ड बहिणीला सांगितला, अर्धा मका तिचा ठरला. नांदेडची पोरगी परीक्षेच्या गडबडीत विसरेल म्हणून मलाही पासवर्ड सांगितला, वाटा न देता. स्वतःलाही राहवेना म्हणून दवाखान्यात बसून तेही उघडून बघत होते. एकच आयडी नांदेडला, लातूरला आणि मध्येच दवाखान्यात चालताना दिसल्यावर कंपनीला वाटलं, आयडी चोरीला गेली किंवा विकली. तिनं शेताला कुलूप घातलं.

गावी परतलो तर बाहेर सोयाबीनची काढणी जोरात आणि आप्पांच्या हातात बंद गेम. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि काठी मागितली.

"आता हितं काय काम हाय माझं? रानात जाऊन येतो."

मला खरंच भीती वाटली. डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, गुडघा छान सुधारतोय, एवढे दिवस सांभाळलंत तसं दिवाळीपर्यंत सांभाळा. मी त्यांना बाजेवर बसवलं आणि कंपनीला तक्रार टाकली. तिकडून उत्तर आलं, खातं तुमचंच आहे हे पटवण्यासाठी सांगा, या खात्यावरून शेवटची खरेदी कोणती केली?

"खरेदी? एक रुपया दिला न्हाई. तसंच लिही," आप्पा छाती काढून म्हणाले.

मी तसं लिहिलं. उत्तर जुळत नाही, अजून एकदाच सांगता येईल, असं आलं. आप्पा माझ्याकडे संशयानं बघायला लागले, कारण घरातला गिऱ्हाईक मीच. मी बहिणीला फोन लावला, तिनं शपथ घेतली. एवढ्या राबणुकीचा काही पुरावा धरत नाहीत आणि खरेदीचा तेवढा विचारतात, म्हणून ती कंपनीवर वेगळीच चिडली. तेवढ्यात आतून, भाकरी थापता थापता, आई म्हणाली, "झूल लिव्हा."

आई पिठाचे हात घेऊन दारात आली. बचत गटाचे पैसे ती आप्पांच्याच फोनवरून भरायची, म्हणून तिला बटणं माहीत होती.

"पोळ्याला बैल उघडा ठिवतेत का? तुमी झोपला होता तवा घेतली. एकाच बैलापुरते पैसे उरले होते."

मी लिहिलं, लाल झूल. तासाभरात शेत उघडलं. आप्पा मका काढू लागले, पण आईकडे बघेनात. फोनवरून नजर न काढताच म्हणाले, "म्या गावभर कंपनीचं नाव केलं की." काठी पुन्हा कोपऱ्यात गेली आणि दिवाळीपर्यंत तिथंच राहिली.

गुडघा आता ठणठणीत आहे. रान पुन्हा आप्पाच बघतात, गेम फक्त दुपारच्या जेवणानंतर. यंदाच्या पोळ्याला मी गावी गेलो, तर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ती झूल कुठं मिळती रे?"

"दुकानात. पैसे पडतात आप्पा."

"पैशाचं म्या इचारलं का? वरीसभर एक बैल उघडा हाय. जोडीत असं करीत न्हाईत."

मी काही चिडवलं नाही, फार अवघड गेलं पण नाही चिडवलं. लाल झूल घेऊन दिली. आप्पांनी फोन नेऊन पाटावर मातीच्या बैलांशेजारी ठेवला आणि आईला म्हणाले, "घे, झाली जोडी." आईनं मातीच्या बैलांना कुंकू लावलं आणि मग त्याच बोटानं काचेवर दोन ठिपके दिले. संध्याकाळी बघतो तर आप्पा फोन घेऊन बसले होते. काच त्यांनी पुसली नव्हती, ठिपके चुकवून कडेकडेनं मका काढत होते.