कोटीतला रिपोर्ट

दिपेशच्या घरी भाताचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणा वर तरंगतो, तो काढून फेकायचा. भरलेला तळाशी बसतो, तोच पेरायचा. मीठ घरचंच, बाप दिनानाथ उरणकडच्या मिठागरावर जन्मभर राबलेला. बी पारखल्याशिवाय जमिनीला नावं ठेवू नयेत, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र दिपेश ते सोयीस्कर विसरला.

दिपेश बंदरात ट्रेलर चालवायचा. दिवसभर तापलेली केबिन आणि गालात तंबाखू. लग्नाला तीन वर्षं झाली तरी बायकोची, हेमालीची कूस उजवेना, तेव्हा त्याने एकदाची तपासणी करून घेतली. शुक्राणूंची संख्या उत्तम, कोटींच्या घरात. झालं! त्याची आई सगुणा एका हळदीत डीजेच्या वर आवाज चढवून म्हणाली, "माझ्या पोराचा आकडा कोटीत हाय! खोट असंल ती दुसरीकडं." मंडपातल्या सगळ्या बायका हेमालीकडे बघायला लागल्या. दिपेश तिथंच उभा होता. आणि खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं.

त्यांच्या गावात नवरदेवाला पहिली हळद लेकुरवाळ्या लावतात. त्या दिवसापासून हेमाली कुणाच्याही हळदीत सरळ मागच्या चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापायला बसायची.

पुढे दोनदा दिवस राहिले, दोन्हीदा गर्भ पडला. मग पनवेलला टेस्टट्यूबचा प्रयत्न झाला. गर्भ तयार झाले, पण वाढता वाढता थांबले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दिपेशला एकट्याला आत बोलावलं.

"संख्या भरपूर आहे हो, पण संख्येवर सगळं नसतं. शुक्राणूच्या आतला डीएनए तुटलेला असेल, तर गर्भ नीट वाढत नाही, राहिला तरी पडू शकतो. त्याची वेगळी तपासणी असते, ती करून घ्या. तुमच्या अंडकोशाच्या शिराही फुगल्यात, त्यावर लहानसं ऑपरेशन आहे. आणि तंबाखू आजच सोडा."

"माझा रिपोर्ट चांगला हाय, मॅडम," दिपेश म्हणाला आणि उठला.

बाहेर बाकड्यावर बसलेल्या हेमालीने विचारलं, "काय बोलल्या?"

"तुला आराम कर बोलल्या."

बोईट माशाचा काटा घशात अडकावा तसं ते वाक्य अजून त्याच्या घशात आहे.

हेमालीने आराम केला. देवींच्या ओट्या भरल्या, सासूचे टोमणे गिळले. अशी चार वर्षं गेली. मग एकदा बंदराबाहेरच्या टपरीवर चहा पिताना कमलेश नावाच्या ट्रेलरवाल्याने आपण होऊन सांगितलं, की त्याला शिरांच्या ऑपरेशननंतर मुलगी झाली. ना लाज ना संकोच! दिपेश कुणाला न सांगता त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेला. ती वेगळी तपासणी केली. डीएनए बराच तुटलेला निघाला. त्याने ऑपरेशन करून घेतलं, तंबाखू सोडून बडीशेप चघळायला लागला, काही महिन्यांनी नवा रिपोर्ट चांगला आला. शर्यतीत बैल पहिला आल्यासारखा तो हेमालीला घेऊन पनवेलला गेला.

हेमालीची तपासणी करून बाई म्हणाल्या, "हिची अंडी आता संपत आलीत. चार वर्षांपूर्वी मी यांना तपासणी करा म्हटलं, तेव्हाच केली असती तर..."

हेमालीने नवऱ्याकडे पाहिलं. नंतर एक प्रयत्न झाला, कसंबसं एकच अंडं मिळालं, तेही रुजलं नाही. पुन्हा सुया टोचून घ्यायला तिने नाही म्हटलं, आणि तो कुठल्या तोंडाने तिला आग्रह करणार?

गेल्या महिन्यात पुतण्याची, अल्पेशची हळद होती. सगुणा हळदीची वाटी घेऊन बायकांमधून फिरली, चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेल्या हेमालीला ओलांडून पुढे गेली. दिपेशला राहवलं नाही. तो डीजेवाल्याच्या माईककडे निघाला. सगळ्या गावाला सांगायचं होतं, की खोट त्याच्यात होती.

हेमालीने पिठाच्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"बसा खाली. आता बोललात तर तुमचं मन मोकलं व्हईल. मना काय मिलंल? त्या दिवशी मी भायेर बाकड्यावर बसलेली, तवा बोलायचं व्हतं."

मग हात सोडून ती तव्यावरची भाकरी उलटायला वळली.