सहादूवरचं राज्य

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. नाशकातल्या एका बौद्ध वस्तीच्या समाजमंदिरात लंकाबाई बालवाडी चालवायची. पोरांना हात धुण्यापासून बाराखडीपर्यंत सगळं शिकवून झालं, पण एक गोष्ट काही त्यांच्या गळी उतरेना. तिचा नवरा सहादू काचबिंदूनं आंधळा झालेला. घरी बसून खुर्च्यांना वेत विणायचा. दुपारी मात्र काठी टेकत कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटाच चहाला जायचा. दिवसातला तेवढाच काय तो त्याचा स्वतःचा वेळ. आणि नेमकी तेव्हाच ही कार्टी डोळे मिटून, हात पुढे करून त्याच्यामागं नकला करत चालायची. लंकाबाईचा जीव तिळतिळ तुटायचा.

रागावून पाहिलं, छडी दाखवून पाहिली. शेवटी एक दिवस तिनं सगळ्यांच्या डोळ्यांवर फडकी बांधली आणि अंगणातल्या माठापर्यंत पाणी प्यायला पाठवलं. "बघा, सहादूबाबांना कसं वाटत असेल ते," म्हणाली. चिल्लीपिल्ली ठेचकाळली, एकमेकांवर आदळली आणि खिदळत सुटली. त्यांच्या लेखी ती सरळसरळ आंधळी कोशिंबीर होती, आणि खुद्द बाईच खेळायला लावतात म्हटल्यावर काय विचारता! लंकाबाईला वाटलं, थोडंफार तरी उमजलं असेल. भाबडीच ती.

दुसऱ्या दिवशी सहादू चहाला निघाला, तशी पोरांनी त्याच्याभोवती कडं केलं.

"सहादूबाबांवर राज्य!"

कुणी चापट मारून पळालं, कुणी सदरा ओढला. काठी हातातून गेली. सहादू आधी हसला. लहानपणी तोही हा खेळ खेळलेला. त्याला हुरूप आला. कानोसा घेत त्यानं झडप घातली आणि त्या पोरांतल्या सुलीचा दंड धरला.

"धरली! आता तुझ्यावर राज्य."

"नाय बाबा," सुली म्हणाली. पोरगी चिडवत नव्हती, नियम सांगत होती. "तुम्ही तर खरेच आंधळे. तुमचं राज्य जातच नाय."

सहादूनं तिचा दंड सोडला.

लंकाबाई धावत आली. पोरं तिच्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. "बाई, तुम्हीच शिकवलं ना!" तिनं काठी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"चला, हॉटेलापर्यंत येते मी."

"नको," सहादू म्हणाला. "चहा घरीच कर."

तिनं केला. पुढं तो असेपर्यंत रोज दुपारी घरीच केला.