पटलावर ठेवलेला डॉक्टर

बेटावरचे लोक त्या सभेला हसत हसत ‘आमचं पार्लमेंट’ म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. वर्षातून एकदा, बर्फ वितळून रस्त्याकडेचा चिखल उघडा पडला की शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडायच्या आणि बेटावरच्या सगळ्या मतदारांनी येऊन गावाचा वर्षभराचा कारभार ठरवायचा. आमदार नाहीत, मंत्री नाहीत, जो तो स्वतःचाच आमदार. कुत्र्यांना पट्टा लावायचा की नाही, बर्फ काढायच्या ट्रकला नवे टायर घ्यायचे का, बोटीच्या धक्क्यावरची मोडकी पायरी कोणी दुरुस्त करायची. आणि त्या वर्षी ह्या सगळ्याच्या मध्येच कुठेतरी एक विषय होता: दवाखान्यातल्या डॉक्टरचा करार पुढे चालू ठेवायचा का.

तो डॉक्टर म्हणजे माझा नवरा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याच्यासारख्या परदेशी डॉक्टरांनी अमेरिकेतलं शिक्षण संपलं की मायदेशी परत जायचं, असा नियम होता. जायचं नसेल तर जिथे इथला कुठलाच डॉक्टर यायला तयार नाही अशा जागी तीन वर्षं काढायची. कुणाला वाळवंट मिळालं, कुणाला खाणीचं गाव. आम्हाला हे बेट मिळालं, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापासून बोटीनं तासाभरावर. डॉक्टरचा पगार गाव दर वर्षी मत घेऊन देणार, आणि गावानं नाही म्हटलं की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की आम्ही गेलो. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ द्यायची. तिला आम्ही यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

व्हिसाच्या वकिलांना मी फोन केला होता. विचारलं, करार नाही झाला तर काय होईल? ते म्हणाले, नाही झाला तर मला लगेच फोन करा. मी म्हटलं, अहो पण होईल काय? ते म्हणाले, आधी फोन तर करा. असल्या उत्तरानं माणसाची झोप उडणार नाही तर काय!

नवरा नागपूरचा, आणि त्याचा स्वभावच थंड. “काहून एवढी घाबरून राहिली तू? होऊन जाईल ना,” म्हणायचा. पण सभेला यायला मात्र तयार नव्हता. म्हणे, माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायला लोकांना अवघड जाईल, मी आपला दवाखान्यात बसतो. वा रे वा! म्हणजे तू तिकडे बसून लोकांचे घसे बघणार आणि इकडे माझ्या घशाला कोरड. त्याला मी तसं बोलूनही दाखवलं. तो फक्त हसला. शेवटी मुलीला घेऊन मी एकटीच गेले.

एकटी म्हणजे तशी अगदी एकटी नाही. समोरच्या घरातल्या बाई बरोबर होत्या. साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या, सदान् कदा स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेल्या. आम्ही बेटावर उतरलो त्या दिवशी गरम सूप घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पहिल्या ह्याच. मुलीला मी त्यांना मावशी म्हणायला शिकवलं. त्यांना ते ‘माउसी’ ऐकू यायचं आणि आपलं नाव उंदीर आहे ह्याची त्यांना भारी गंमत वाटायची. माझ्या पोरीला शाळेतून आणायचं, खायला घालायचं, पोहायला शिकवायचं, सगळं त्यांनी केलं. आईशप्पथ सांगते, त्या परक्या मुलखात माझं माहेर म्हणजे त्या बाई होत्या.

जिमच्या दारात मुलं एका बाजूला चित्रं काढायला गेली आणि तिथल्या एका बाईंनी अगदी गोड आवाजात मला सांगितलं, मतदार नसाल तर तिकडे बसा. तिकडे म्हणजे भिंतीलगत, दोरी बांधून वेगळ्या केलेल्या चार-पाच खुर्च्या. नियमच होता तो, मतं मोजताना घोळ होऊ नये म्हणून. मला तो समजलाही. पण आमच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या वेगळं बसवण्यात आलंय. माझे बाबा कुठल्याही सभेला गेले की मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. ती दोरी बघितल्यावर मला जे काय वाटलं, त्याला नियम समजल्यानं काही फरक पडला नाही. मावशी माझा हात दाबून पुढे मतदारांत जाऊन बसल्या. मी दोरीपलीकडे बसले, कोट न काढता.

सभापती म्हणजे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. हातात लाकडी हातोडा. एकेक कलम वाचायचा, कोणी बोलायचं असेल तर बोलायचं, मग सगळ्यांनी ‘आय’, म्हणजे हो, नाहीतर ‘नो’ ओरडायचं, की हातोडा आपटून पुढचं कलम. टायर मंजूर झाले. पायरीवर एवढा वाद झाला की वाटलं ताजमहाल बांधताहेत! लोक हसत होते, स्वेटर विणत होते, थर्मासमधली कॉफी पीत होते. ह्याच माणसांनी असंच विणता विणता ‘नो’ म्हटलं की आमचा संसार बॅगांत भरायचा, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. आणि रागावायचं तरी कोणावर? प्रत्येक जण मला ओळखत होता. प्रत्येक जण येताना हसून हाय म्हणाला होता.

मग आमचं कलम आलं. सभापतीनं ते वाचलं आणि वाचून संपायच्या आत मधल्या रांगेतला एक लॉब्स्टर पकडणारा कोळी उठून उभा राहिला. धिप्पाड, तांबडी दाढी, गावात कधी कोणाशी दोन शब्द बोलला तर शपथ. तो म्हणाला, “मूव्ह टू टेबल.” कोणीतरी अनुमोदन दिलं. ‘आय’चा मोठा गजर झाला. हातोडा पडला. सभापती म्हणाला, “टेबल्ड,” आणि कुत्र्यांच्या पट्ट्यांकडे वळला.

मला तर आनंदानं रडूच फुटलं.

त्याचं असं आहे. माझे बाबा मुंबईला विधिमंडळात लघुलेखक होते. सभागृहात जे बोललं जाईल ते उतरवून घ्यायचं काम. आमच्या घरात जेवताना गप्पा त्याच. एखाद्या प्रकरणाचा अहवाल सरकार दडपतंय अशी कुजबुज असायची, आणि मग एक दिवस बाबा चपला काढता काढता म्हणायचे, “आला एकदाचा पटलावर! आता कोणाच्या बापाला दाबता यायचा नाही.” सभागृहाच्या पटलावर ठेवणं म्हणजे सगळ्यांसमोर मांडणं, हे मी दुधाच्या दातांपासून ऐकत आले. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांतही ‘टेबल’चा अर्थ तोच. तेव्हा मला वाटलं, विषय रीतसर मांडला गेला, सगळ्यांनी एका आवाजात त्याला पाठिंबा दिला, आता कुत्री आटोपली की चर्चा होणार. उगाच आपण एवढे घाबरलो.

मी दोरीखालून निघून शाळेच्या पब्लिक फोनकडे जवळजवळ पळतच गेले. नवऱ्याला म्हटलं, “अरे, पटलावर आलं! सगळ्यांनी आय म्हटलं!”

“म्हणजे काय पण?”

“म्हणजे आता कोणी दाबू शकत नाही!”

मग त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला कळलं, हा माणूसही इतके दिवस घाबरलेलाच होता, फक्त मला दाखवत नव्हता. “मी म्हटलं होतं ना,” म्हणाला, आणि त्याचा आवाज ओला झाला.

जेवणाची सुट्टी झाली. सूपच्या रांगेत मावशी माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, “मला फार वाईट वाटतंय गं.”

“वाईट? कशाचं?”

माझा घोळ त्यांच्या लक्षात आला. मग हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. इथे टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. आजची सभा संपायच्या आत कोणीतरी उठून तो परत मागितला तर ठीक, नाहीतर संपला. आणि सहसा कोणी मागत नाही.

एकच शब्द, आणि तोही माझ्या बाबांनी शिकवलेला, ह्या लोकांनी उलटा करून ठेवला होता! मी फोनपाशी गेले, रिसिव्हर उचलला आणि परत ठेवला. काय सांगणार होते त्याला? मघाशी तो सुटकेचा श्वास सोडून बसला होता. तिथे भिंतीवर मुलांनी बेटाचा नकाशा रंगवून लावला होता, ज्यानं त्यानं आपलं घर काढून नाव लिहिलेलं. आमचं घर माझ्या पोरीनं जांभळं रंगवलं होतं. मी नजर फिरवली.

जेवणानंतरही कुत्री चालूच. त्या कोळ्याच्या मानेकडे बघत मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या, की माझ्या बाबांनी त्या उतरवून घेतल्या असत्या तर कामकाजातून काढून टाकाव्या लागल्या असत्या. काय वाकडं केलं होतं आम्ही ह्याचं? तशात बाहेर बोटीचा भोंगा झाला आणि बरेच लोक उठून कोट चढवायला लागले. हे बेटावर फक्त मत देण्यापुरते राहणारे. हिवाळाभर किनाऱ्यावरच्या उबदार घरांत असायचे आणि सभेला सकाळच्या बोटीनं येऊन दुपारच्या बोटीनं परत. जिम निम्मी रिकामी झाली. मला वाटलं, झालं, आता उरलेलेही उठतील, सभापती शेवटचा हातोडा आपटेल आणि आम्ही मेलो.

बोट धक्क्यावरून सुटल्याचा दुसरा भोंगा वाजला. तो विरायच्या आत तांबडी दाढी उठली. म्हणाला, “डॉक्टरचं कलम टेबलावरून परत घ्यावं.”

माझा कानांवर विश्वास बसेना. पण उरलेल्यांत कोणालाच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ‘आय’ झालं. हातोडा पडला. ज्यांना हिवाळ्यात इथल्या डॉक्टरचं कामच पडत नाही, ती सगळी मतं बोटीवर चढेपर्यंत त्या माणसानं आमचं कलम सांभाळून ठेवलं होतं! आणि मी त्याला नाही नाही ते बोलले होते.

चर्चा झाली. एक जण म्हणाला, डॉक्टर भला माणूस आहे पण खर्च परवडत नाही, हेलिकॉप्टर येतंच की. एक म्हातारी म्हणाली, वादळात हेलिकॉप्टर येत नाही, डॉक्टर आला होता, माझ्याकडे, चालत. मग सभापतीनं आवाजी मत न घेता उभं राहायला सांगितलं. बाजूनं असलेले उभे राहिले. मी मोजायचा प्रयत्न केला, पण आकडे डोळ्यांसमोर नाचायला लागले. ते बसले. मग विरोधातल्यांना उभं राहायला सांगितलं. एक इकडे, दोन तिकडे, मागे एक घोळका. आणि दुसऱ्या रांगेत मावशी उभ्या राहिल्या.

मला वाटलं, गोंधळल्या बिचाऱ्या. आधीच उभं राहायचं ते आत्ता राहिल्या. कोणीतरी सांगा त्यांना! पण त्या गोंधळल्या नव्हत्या. स्वेटर खाली ओढून, ताठ, मोजणी होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

कलम मंजूर झालं. थोड्याच मतांनी, पण झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी कोणी वळून मला हात केला. मी हसले असेन.

बाहेर गाड्यांपाशी मावशींनी मला मिठी मारली. “अभिनंदन! मला इतका आनंद झालाय!” आणि मग माझा चेहरा बघून, “तुला राग नाही ना आला? अगं, टॅक्स फार वाढतोय. माझा सख्खा भाऊ डॉक्टर असता तरी मी हेच केलं असतं. तुमच्याविरुद्ध काही नाही हं ते.” मी त्यांच्या डोळ्यांत कपट शोधत होते. शप्पथ, तिळमात्र नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, चार दिवस शिव्या देऊन मोकळी झाले असते. माझी पोर धावत येऊन त्यांच्या कमरेला बिलगली. त्यांनी तिच्या कोटाची चेन वर ओढली आणि म्हणाल्या, उद्या पाठव हिला, आपण केक करू.

त्या पायऱ्या उतरून गेल्या आणि मला सभेत वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली. अजून दोन वर्षं काढायची होती. पुढच्या वर्षी परत ही माणसं खुर्च्या मांडून बसणार होती. आणि माया करणारं माणूस मायेनंच आपल्याला बोटीत बसवून देऊ शकतं, हे मला आता कळलं होतं.

दोन दिवसांनी नवरा जेवायला बसला तो खुशीतच. म्हणाला, “आज मावशी आल्या होत्या बीपी दाखवायला. हात सोडेचनात. म्हणे, आमचा डॉक्टर आमच्याकडेच राहिला. मावशी म्हणजे आपलं माणूस आहे गं.”

“हो ना,” मी म्हटलं.

त्यानं घास घेतला, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “विरोधात कोण कोण होतं गं?”

उद्या-परवा त्याला परत मावशींच्याच हाताला बीपीचा पट्टा बांधायचा होता. मी त्याच्या ताटात भात वाढला.

“गर्दी होती रे,” म्हटलं. “नाही दिसलं.”