डबा पहिला शब्द गिळायचा

इथले भुताचे अनुभव मी जेवताना वाचते आणि दर वेळी मनात एकच म्हणते – बाई गं, आधी वायरिंग तपासून घे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. माझं कामच तसं आहे. मी लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिते, म्हणजे कॉम्प्युटरला त्यातली एखादी चिप कशी चालवायची ते शिकवणारा प्रोग्राम. तिथे काहीही घडलं की लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, ओळ उमटते. ओळ नाही म्हणजे घडलंच नाही, इतकं सरळ. तरीही मी इथे लिहायला बसले आहे... यावरून काय ते समजून घ्या.

आम्ही प्रताप नगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुढच्या खोलीत खिडकीला लागून दिवाण, त्यावर पप्पा. मागे स्वयंपाकघर, तिथे आई. पप्पा खापरखेड्याला वीज केंद्रात होते. मशीनच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे घरातही त्यांनी हाक मारली की खालच्या पार्किंगपर्यंत जायची. मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

मग मी त्यांच्यासाठी एक डबा बनवला. खरोखरचा डबा – आईचा चिवड्याचा, प्लास्टिकचा. आत छोटासा कॉम्प्युटर बोर्ड, बॅटरी आणि स्पीकर. पप्पांनी टाइप करायचं आणि डब्याने बोलायचं. पण बोर्डावरच्या ऑडिओ चिपच्या ड्रायव्हरमध्ये दोन खोड्या होत्या. वीज वाचवायला चिप झोपायची ते ठीक, पण उठायला इतका वेळ लावायची की वाक्याचा सुरुवातीचा भाग गिळून टाकायची. झोपूच दिलं नाही तर बॅटरी दुपारीच संपायची. आणि बोर्ड बंद करून सुरू केला की ड्रायव्हर आपोआप लोड व्हायचा नाही. मी येऊन कमांड देईपर्यंत डबा मुका.

आता एक शब्द गेला तर काय बिघडतं? आमच्या घरात सगळं बिघडलं. पप्पांनी आईला उभ्या जन्मात नावाने हाक मारलेली नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘अवं’ने सुरू होतं, आणि डबा नेमका तेवढाच गिळायचा. पप्पा टाइप करणार ‘अवं, चहा दे’ आणि डबा बोलणार, ‘चहा दे.’

“मले हुकूम सोडून राहिले,” आई म्हणायची. “इतक्या वर्षांत असे कधी बोलले नाही.”

“आई, ती चिप झोपते वं. पप्पांनी अवं टाइप केलं होतं.”

“मंग तिले उठव. मी त्या डब्याचं काही ऐकत नाही.”

आणि खरंच ऐकायची नाही. डबा बोलला की स्वयंपाकघरात भांडी आपटायची. पप्पांनी एकदा ‘अवं अवं’ असं दोनदा टाइप करून पाहिलं, डब्याने दोन्ही गिळले. मग त्यांनी वैतागून कीबोर्ड उशाखाली सारला आणि बोलणंच सोडलं. दोन दमड्यांच्या चिपपायी माझ्या आईबापाचा अबोला... माझा नुसता संताप होत होता.

मी दुरुस्ती लिहून पाठवली. लिनक्समधला तो भाग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी ती परत पाठवली – झोपेचा प्रश्न वेगळा, लोड होण्याचा वेगळा, दोन वेगळे पॅच करा. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून डब्यातला जुना ड्रायव्हर काढला, नवा घातला. तो लोडच होईना! मी तो भलत्याच कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्याच आवृत्तीसाठी, तयार केला होता. नवशिक्यासुद्धा करणार नाही असा गाढवपणा. “पप्पा, डबा आज बंद आहे, येऊन करते,” एवढं सांगितलं आणि सक्करदऱ्याला मावशीकडे काम होतं म्हणून निघून गेले.

पुढचं आईने सांगितलेलं. ती आणि शेजारच्या नलूकाकू स्वयंपाकघरात सांबारवडीसाठी कोथिंबीर निवडत होत्या. पुढच्या खोलीतून हाक आली – ‘अवं.’ तेवढीच.

“भाऊजी बोलवून राहिले वं तुले,” नलूकाकू म्हणाल्या.

आई लगबगीने बाहेर आली. पप्पा दिवाणावर एका अंगाला कलंडले होते, घामाने चिंब. त्यांना मधुमेह आहे, साखर एकदम उतरली होती. आईने साखरपाणी पाजलं, नलूकाकूंनी गाडी काढली. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी हॉस्पिटलात पोचले तर आई माझा हात धरून म्हणाली, “बरं झालं वं, तू डबा नीट करून गेली. चांगलं अवं म्हटलं त्यानं.”

मी घरी येऊन लॉग उघडला. ड्रायव्हर नाही. साउंड कार्ड नाही. बोर्डाला आपल्या अंगावर ऑडिओ चिप आहे हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी कीबोर्डची एक कळही दाबलेली नव्हती, तो उशाखालीच होता. ड्रायव्हरशिवाय डब्यातून आवाज काढायचा मी हर तऱ्हेने प्रयत्न केला... साधं टिकसुद्धा नाही. टीव्ही बंद होता. कुकरची शिट्टी असेल असं नलूकाकूंना सांगायची माझी छाती नाही. पप्पांना विचारलं, त्यांनी नुसता हात हलवला. काही आठवत नाही.

पुढे दोन्ही पॅच स्वीकारले गेले. डबा सुरू केला की ड्रायव्हर आपोआप लोड होऊ लागला. नलूकाकू आलेल्या असताना मी कीबोर्ड पप्पांच्या हातात दिला. त्यांनी टाइप केलं आणि डबा अख्खं वाक्य बोलला, ‘अवं, चहा दे.’

मी ऐटीत आईकडे पाहिलं. ती दारात तशीच उभी.

“आता काय झालं?” मी वैतागले.

“हा आवाज नव्हता वं त्या दिवशी.”

नलूकाकूंनीही मान हलवली.

“मंग कोणता होता?” मी विचारलं.

आईने पप्पांकडे पाहिलं. “यांचाच होता. पार्किंगपर्यंत जाये, तो. मले वाटलं, डबा नीट झाला म्हणजे आवाज यांचाच येईल.”

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. ज्या घशात स्वरयंत्रच नाही त्यातून हाक येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. माझा लॉगही तेच म्हणतो. मला याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

आई आता डब्याचं ऐकते, चहाही देते. फक्त ‘अवं’ ऐकू आलं की ती आधी पप्पांच्या तोंडाकडे बघते, मग डब्याकडे. हल्ली मीही तसंच करते.