मास्तरांचा स्वतःचा फ्रॉक

"सँपल कुठंय?"

कापडाचा तागा टेबलावर पडला की मास्तर कानामागचा खडू काढायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि रिकामा हात पुढे करून एवढंच विचारायचे. आमच्यात मशिनवर बसणाऱ्या सुमनने एकदा त्यांच्या भाच्यासाठी मुलगी सुचवली, तर तिच्यापुढेही हात. सँपल कुठंय? म्हणजे फोटो कुठंय. आम्ही बायका हसून हसून मशिनवर आडव्या पडलो.

उल्हासनगरच्या एका गल्लीत लहान मुलींच्या फ्रॉकचा कारखाना होता आणि हे तिथले कटिंग मास्तर. मी अंबरनाथची. मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हा मी तिथे काजबटणाला जाऊ लागले. ऐंशीच्या पुढची वर्षं ती. मास्तर सकाळी आले की सगळ्यांना जयभीम करायचे, टेबल ओल्या फडक्याने पुसायचे आणि मगच कात्री काढायचे.

आता आमच्या शेठचा धंदा कसा चालायचा ते सांगते, आणि त्या गल्लीत सगळ्यांचाच तसा चालायचा. शेठ मुंबईच्या मोठ्या दुकानातून एक भारी फ्रॉक विकत आणायचे. मास्तर ब्लेडने त्याची शिवण न् शिवण उसवायचे, तुकडे कापडावर मांडून भोवती खडू फिरवायचे. मग तोच फ्रॉक परत असा शिवून द्यायचे, की दुसऱ्या दिवशी शेठ तो दुकानात परत करून यायचे. बेबीला साइज बसला नाही म्हणून. शेठना बेबी नव्हतीच. दोन मुलगे होते, मिशा फुटलेले.

मास्तरांची नक्कल अशी, की अस्सल कुठला ते त्या दुकानवाल्यालाही सांगता आलं नसतं. पण कुणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "माझं काय त्यात?" आम्हाला वाटायचं, विनय आहे. विनय नव्हता तो. खरंच विचारत होते.

मग एक वर्ष असं आलं, की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फ्रॉक लटकायला लागला. सगळ्यांनी एकच उसवलेला. बाहेरगावचे व्यापारी यायचे, चहा प्यायचे आणि हे तर शेजारीपण आहे म्हणून उठायचे. आमचा माल माळ्यावर जाऊन बसला. एका संध्याकाळी शेठ मास्तरांच्या टेबलापाशी आले. नेहमी ओरडणारा माणूस, त्या दिवशी आवाज बसलेला.

"मास्टर, अब कुछ अपना बनाओ. सीझनच्या आधी नाय बनला, तर मशीनं विकून टाकतो मी. मैं भी डूबा, तुम भी डूबे."

मास्तरांनी सवयीने हात पुढे केला, आणि मग त्यांनाच कळलं असावं. हळूच मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. गुलाबी कापड टेबलावर पसरायचे, खडू हातात घ्यायचे आणि उभे राहायचे. एक रेघ मारायचे, पुसायचे. पुन्हा मारायचे. दुपारपर्यंत कापड खडूने पांढरं व्हायचं, मग सुमन ते दारात नेऊन झटकायची. आम्ही बायका मशिनवर हात ठेवून बसलेल्या. प्रत्येकीचं घर त्या खडूवर टांगलेलं, पण घाई करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मास्तर डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा मी म्हटलं, मास्तर, दोन घास तरी खा. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षं कापतोय. कोऱ्या कापडापुढं मला काहीच दिसत नाही."

आणि मग एक दिवस त्यांनी कापलं. सरासर कात्री चालवली. गोल कॉलर, छातीवर बारीक टक, फुग्याची बाही. चेहरा काय फुलला होता माणसाचा! मी बटणं लावली, सुमनने इस्त्री मारली. आम्ही शेठना हाक मारली.

शेठनी फ्रॉक उलटसुलट केला. स्टुलावर चढून माळ्यावरचं एक बोचकं खाली ओढलं आणि त्यातला एक फ्रॉक काढून शेजारी ठेवला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा आमचाच माल. कॉलर तीच, टक तेच, बाहीतल्या चुण्यासुद्धा तेवढ्याच. रंग तेवढा वेगळा.

कुणीतरी फिसकन हसलं. मग मास्तरांकडे पाहिलं आणि गप्प झालं.

त्यांनी दोन्ही फ्रॉक हातात घेतले. मला आठवलंच नाही, म्हणाले. मला वाटलं मलाच सुचतंय. त्यांनी चोरी केली नव्हती हो. त्यांच्या हातांनी केली होती, त्यांना न विचारता.

त्यानंतर ते टेबलाशी उभेच राहिनात. कोपऱ्यात कातरणीचं पोतं होतं, म्हणजे कापून उरलेल्या चिंध्यांचं, त्यावर बसून राहायचे. शेठना सांगून टाकलं, दुसरा मास्तर बघा. शेठ म्हणाले, दुसरा येऊन काय करणार, तोही कुणाचं तरी उसवणारच. बाहेरचा एक माणूस येऊन मशिनं बघून गेला. त्या दिवशी सुमन बाथरूममध्ये जाऊन रडली. तिचा नवरा दारूडा, दोन मुलं तिच्या जिवावर.

रडून आली ती तडक मास्तरांपाशी. "उठा," म्हणाली. ते उठले, तर तिने त्यांच्या खालचं पोतं ओढलं आणि सगळी कातरण टेबलावर ओतली. लाल, पिवळी, फुलाफुलांची, बोटाएवढी, वितीएवढी. "ह्यातून कापा. चांगलं कापड नासायची भीती वाटते ना? हे नासलेलंच आहे. चुकलं तर पोत्यातलं पोत्यात."

मास्तर म्हणाले, ह्याच्यात एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही.

"मग कोणासारखं करणार ते करा बघू!" सुमन म्हणाली आणि मशिनवर जाऊन बसली.

बराच वेळ ते नुसते तुकडे चाळत होते. मग एक पिवळा उचलला, शेजारी एक लाल ठेवला. काढला. दुसरा ठेवला. पहिला फ्रॉक झाला तो बुजगावण्यालाही कुणी घातला नसता. मास्तरांनी तो उसवला. दुसराही उसवला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ते आता उभे राहून चिडत होते. बसून नव्हते.

शेवटी जो झाला, त्याचा घेर कुठे लांब, कुठे आखूड, पाकळ्यांसारखा. तुकडे पुरले नाहीत म्हणून तसा झालेला. शेठनी आतून बाहेरून पाहिला. "ये किधर से लाया?"

मास्तरांना 'माझं' म्हणायची सवयच नव्हती. झालं आपलं, एवढंच पुटपुटले. सुमन मशिनवरूनच ओरडली, "त्यांचं आहे, शेठ!"

तोच घेर ताग्याच्या कापडातून कापला, आणि त्या सीझनला आमचा पाकळीचा फ्रॉक धावला. मशिनं राहिली. आणि पुढच्याच सीझनला तो सगळ्या गल्लीत लटकला, आमच्यापेक्षा स्वस्त. शेठ कपाळ बडवत होते आणि मास्तर दुकानादुकानांपुढे उभे राहून बघून आले. मला हळूच म्हणाले, "ताई, माझा उसवला त्यांनी." सगळ्यांना चहा पाजला त्या दिवशी.

कारखाना त्यानंतर फार टिकला नाही. एका फ्रॉकने किती दिवस ओढणार? शेवटच्या दिवशी मशिनं टेम्पोत चढली, मी माझा डबा घ्यायला आत गेले. हमाल टेबल न्यायला आले होते, पण खोळंबून भिंतीला टेकले होते. मास्तरांनी टेबलावर कुठलंसं निळं कापड पसरलं होतं आणि त्यावर ओणवे झाले होते. खडू कापडापर्यंत न्यायचे आणि परत उचलायचे. अजून वाटते का भीती, मी विचारलं. वाटते, म्हणाले.

हमालाने बिडी पेटवली आणि खाली उकिडवा बसला. कापडावर रेघ उमटू लागली होती. मी डबा घेऊन निघाले. मास्तर मला पुन्हा कधी दिसले नाहीत, आणि त्या निळ्याचं काय झालं तेही कळलं नाही.