पुलाच्या चढावरचा सिग्नल

रायपूर राजधानी झालं आणि चौकाचौकांत सिग्नल लागले. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. सहायकानं सिग्नल पाहून मोठ्यानं म्हणायचा आणि ड्रायव्हरनं तो परत म्हणायचा, ही तिथली रीत. निवृत्तीनंतर ती त्यांनी आमच्या जुन्या पेट्रोल गाडीत चालू ठेवली. सहायक अर्थातच मी.

पण रेल्वेपुलाच्या चढावर आमचं दोघांचं "हिरवा" म्हणून झालं तरी गाडी उचलायची नाही. मागून हॉर्न सुरू. आयुष्यभर मालगाड्या ओढलेला माणूस शरमेनं मान खाली घालायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, इंजिनात लांब स्ट्रोकचा क्रँक टाकायचा, नाही तर गाडी विकायची. पिस्टनचा प्रवास वाढला की ताकद वाढते, हे मेकॅनिक भैयांनी पटवलं होतं. खोटं नव्हतं ते. पण त्या म्हाताऱ्या इंजिनाच्या जिवावर कशाला उठायचं?

मी सिलतऱ्याच्या कारखान्यात मोठमोठे गिअरबॉक्स दुरुस्त करायचे. घरी मात्र मला पाना नुसता धरायला मिळायचा. त्या दिवशी मी न विचारताच मागचं एक चाक जॅकवर घेतलं, दोनदा फिरवलं आणि इंजिनाकडून मागच्या चाकांकडे येणाऱ्या शाफ्टला खडूची खूण करून त्याचे फेरे मोजले. चारही भरेनात, म्हणजे वेग जास्त आणि ओढ कमी. आधीच्या मालकानं हायवेवर पळवायला तसे गिअर बसवून घेतले होते.

"बाबा, मालगाडीचं इंजिन अन् प्यासेंजरचं, ताकद सारखी असली तरी मालगाडीचं जास्त ओढते. काहून?"

ते वाकून खडूच्या खुणेकडे बघायला लागले. मग म्हणाले, "गिअर." आणि पाना माझ्याकडे सरकवला.

दोन रविवार गेले. भंगारातून मिळालेली, शाफ्टला जास्त फेरे देणारी गिअरची जोडी मी मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमध्ये बसवली. हायवेवर इंजिन आता लवकर बोंबलेल, हे आधीच सांगून टाकलं. मालगाडीले कुठं घाई असते, बाबा म्हणाले.

पहिल्या फेरीला त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी जाऊन बसले. ड्रायव्हर झाल्यापासून ते सहायकाच्या जागी कधी बसले नव्हते. पुलाच्या चढावर आम्ही थांबलो, मागे ही मोठी रांग. बाबा ताठ बसले, समोर बघत खणखणीत म्हणाले, "हिरवा."

"हिरवा," मी म्हटलं आणि क्लच सोडला.

गाडी सरळ चढून गेली. इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता, आणि बाबा तर पुढचा सिग्नल दिसायच्या आधीच मान उंच करून तो शोधायला लागले होते.