नाथाजी फडतऱ्याची संतरी खिडकी

नाथाजी फडतरे माझ्या दुकानाच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला, त्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेत सूर्यग्रहण लागलं. निदान आत बसलेल्या माणसाला तरी तसंच वाटलं. सहा फूट दोन इंच उंची, त्यावर फौजी कटिंग, आणि खांदे असे की दाराच्या चौकटीची आता गरज उरू नये. लाईट गेली असं समजून मी इन्व्हर्टरचं बटण दाबलं, तरी उजेड येईना. मी फोनवर होतो. पलीकडे एका नवरदेवाचा बाप होता आणि पत्रिकेत साडूचं नाव मोठ्या अक्षरात घालायचं की बारीक, हे त्याचं ठरत नव्हतं. नाथाजीनं विचारलं, "हितं मराठी टाईप करून मिळंल का?" मी हातानं थांबायची खूण केली.

तो थांबला. एक पाऊल आत नाही, एक पाऊल बाहेर नाही. साडूचं प्रकरण वीस मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात नाथाजीच्या पाठीमागं गिऱ्हाइकांची रांग लागली, ती वळसा घेऊन शंभर फुटी रस्त्याला मिळाली, तिथं तिला दोन फाटे फुटले. मागच्या लोकांना आपण कशासाठी उभे आहोत हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते जास्तच निष्ठेनं उभे होते. एक शेंगावाला आला. वाहतूक पोलीस रांग मोडायला आला आणि त्यानंही नंबर लावला. खरं विचाराल तर मागं तीन माणसं होती आणि त्यातला एक दुकान चुकलेला होता. पण त्या तिघांतला कोणीतरी म्हणाला, "पाव्हणं, जरा बाजूला व्हा की." नाथाजी मान न वळवता म्हणाला, "प्रश्न इचारलाय. उत्तर आलं की सरकतो."

मी फोनवर हात ठेवून मिळेल म्हणालो. तो ताबडतोब सरकला आणि दुकानात ऊन आलं.

नाथाजी सातारा जिल्ह्यातल्या अशा गावचा, जिथं पोरगं पळायला लागलं की लोक त्याची छाती मोजतात. सतरा वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाला, तेव्हा वय छत्तीस. त्याच्या बॅचचे सगळे जण कुठल्या ना कुठल्या फाटकावर उभे राहिले, कोण बँकेच्या, कोण सोसायटीच्या, कोण मॉलच्या. नाथाजीनं मात्र शपथ घेतली होती. सतरा वर्षं दुसऱ्याच्या दारात उभं राहिलो, आता राहायचं नाही, खुर्चीवर बसून काम करायचं. त्यासाठी तो कॉम्प्युटरवर घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकला. वहीत शिकला, हे महत्त्वाचं. प्रोग्रॅम आधी वहीत सुवाच्य अक्षरात, समास सोडून, मग कॉम्प्युटरवर. माझ्या दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेऊन त्यानं वेबसाईट करायची कंपनी काढली. कंपनीत तो एकटाच होता, तरी सकाळी आठला स्वतःची हजेरी घेत असे.

माझ्याकडून त्याला बटणांवरचं मराठी हवं होतं. मी लग्नपत्रिका छापणारा माणूस. मी पहिल्या बटणावर 'आपले स्नेहांकित' असं लिहिलं. तेव्हा त्यानं मला समोर बसवून खिडक्यांचं शास्त्र समजावलं.

वेबसाईटवर मध्येच उगवणाऱ्या खिडक्या दोन जातीच्या असतात. एकीला मोडल म्हणतात. ती उघडली की मागचं सगळं पान करडं पडतं. तुम्ही मागं कुठंही बोट लावा, काही हलत नाही. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर, मग पुढचं. दुसरी नॉन-मोडल. ती कडेला उघडते, तिला काय सांगायचं ते सांगत बसते, तुम्ही आपलं काम करत राहायचं. लक्ष दिलं तर दिलं. नाथाजीनं त्यांना नावं दिली होती, पहिली पहाऱ्यावरच्या शिपायासारखी म्हणून संतरी खिडकी आणि दुसरी शेजारीण खिडकी. आत प्रोग्रॅममध्ये म्हणे फरक एका शब्दाचा. 'शो' असं लिहिलं की शेजारीण येते, 'शो मोडल' लिहिलं की संतरी. नाथाजीच्या वहीत सगळीकडे संतरी होती. कीबोर्डवरचं एस्केपचं बटण दाबलं की संतरी खिडकीसुद्धा मिटते. ही पळवाट त्याला कळली त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं ती बुजवली.

स्वभावानंही तो तसाच होता. त्याला "जेवलास का?" विचारलं आणि उत्तर न ऐकता तुम्ही क्रिकेटवर गेलात, तर तो अर्ध्या तासानं म्हणायचा, "जेवलो." त्याची बायको रेश्मा बरोबर उलटी. ती घरी ब्लाउज शिवायची. एका वेळी नऊ ब्लाउज अर्धवट, कुणाची बाही, कुणाचा गळा. त्यातच कुकर, त्यातच माहेरचा फोन, त्यातच गिऱ्हाइकाला "परवा या." सगळं उघडं आणि सगळं चालू. ब्लाउज कधी ना कधी होत असत. नाथाजी तिच्याकडे बघत बसायचा, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नदीला पूर आलेला बघणाऱ्या माणसाचा भाव असे.

मग त्याला मोठं काम मिळालं. इस्लामपूर आणि पलूसच्या मध्ये कुठंतरी एक साखर कारखाना धरा. नाव सांगत नाही, मला त्यांच्या पत्रिका छापायच्या असतात. कारखान्याला सभासदांसाठी मोबाईलवर उघडेल अशी वेबसाईट हवी होती. उसाचं वजन, तोडीची पाळी, सभासदांना स्वस्तातली साखर मिळायची तारीख, सगळं त्यात. शेती अधिकाऱ्यांनी एकच अट घातली. साईट उघडली की पहिल्यांदा प्रश्न आला पाहिजे, 'यंदाचा संपूर्ण ऊस आपल्याच कारखान्याला घालणार का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. हंगाम सुरू होईपर्यंत बहुतेकांची उत्तरं आली, तर साईट सांभाळायचं काम कायमचं नाथाजीकडे. म्हणजे कायमची खुर्ची. ते ऐकल्यावर त्यानं खरोखरच नवी खुर्ची आणली, चाकांची, आणि आठवडाभर तिच्यावर ताठ बसून चाकं न हलवता काम केलं.

प्रश्न त्यानं अर्थातच संतरी खिडकीत घातला. सगळ्या पळवाटा बंद. साईट बंद करून पुन्हा उघडली, तरी पुन्हा तोच प्रश्न.

पंधरा दिवसांनी आकडे आले. चार हजार आठशे सभासदांपैकी उत्तर दिलेले अकरा. त्यातले सात कारखान्याचे नोकर, आणि दोघांनी पोराच्या हातात मोबाईल दिलेला होता. बाकी सगळ्यांच्या मोबाईलवर मागचं पान करडं आणि पुढं प्रश्न उभा. साखरेची तारीख कुणालाच दिसेना. लोकांनी मोबाईल बंद करून चालू केले, दुकानात नेऊन पुसून आणले. एकानं नवा घेतला, त्यावरही प्रश्न उभाच. पण उत्तर कुणी देईना.

नाथाजी पार गोंधळला. नाही म्हणणारा माणूस त्यानं पाहिला होता. पळून जाणाराही पाहिला होता. पण संतरीसमोर पंधरा दिवस शांत उभा राहणारा, पुढं नाही आणि मागं नाही, असा माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता. आणि इथं तर चार हजार सातशे एकोणनव्वद होते.

शेवटी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून पलूसकडे निघालो, तात्याबांना भेटायला. तात्याबा सत्तरीचे, आठ एकर ऊस, कारखान्याचे जुने सभासद. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं आणि मोबाईल आणून दाखवला. तो त्यांनी नीट टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. प्रश्न दिसत होता.

"तात्याबा, ह्यो प्रश्न वाचला का न्हाई तुमी?"

"वाचला की. रोज वाचतो."

"मग उत्तर का देत न्हाई? हो दाबा न्हाईतर न्हाई दाबा."

तात्याबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हो कसं दाबू रं? पलीकडच्या कारखान्याचा चिटबॉय, तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा, माझा भाचा हाय. आन् न्हाई कसं दाबू? हितल्या संचालकाचा बांध माझ्या बांधाला हाय. रोज तोंड दिसतंय."

"पर कुणी प्रत्यक्ष इचारलं, तर काय सांगता?"

"सांगायचं काय त्यात? बघू म्हणतो."

"त्यावर ते काय म्हणत्यात?"

"काय म्हणत्याल? च्या पित्यात आन् जात्यात."

परतीच्या वाटेवर सांगलीत शिरताना नाथाजीनं गाडी कडेला घेतली आणि मला विचारलं, 'बघू' हे हो आहे की नाही. मी म्हणालो, दोन्ही नाही. मग ते उत्तर कसं, असं त्याचं म्हणणं. मी पन्नास वर्षं या मुलखात काढली, दिवसातून तीस वेळा बघू म्हणतो, पण त्याचा अर्थ सांगायची पाळी कधी आली नव्हती. मी समजावायला लागलो आणि थोड्या वेळानं मलाच कळेना. गाडी चालू होती, पेट्रोल जळत होतं, आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बघूचा अर्थ शोधत होतो. शेवटी मी म्हणालो, तिसरं बटण घाल.

त्यानं घातलं. 'बघू.' अक्षर मीच निवडलं, जरा गोलसर, मायाळू.

तीन दिवसांत चार हजार सातशे सव्वीस उत्तरं आली. लोकांना साखरेची तारीख दिसली, उसाचं वजन दिसलं, खेडोपाडी आनंद झाला. तात्याबांनी फोन करून सांगितलं, आता लय झ्याक चालतंय. नाथाजीनं पेढे आणले आणि यादी छापून शेती अधिकाऱ्यांकडे घेऊन गेला. मी सोबत होतो. साहेबांनी पहिलं पान पाहिलं. बघू, बघू, बघू. दुसरं पाहिलं, तेच. मधूनच पाच-सहा पानं उलटून पाहिली.

"फडतरे, हे काय आहे?"

"उत्तरं हायत, साहेब. जवळजवळ सगळी आली."

"अहो, ऊस येणार आहे का नाही?"

नाथाजीनं यादीकडे पाहिलं. "ते त्यांनी बघू म्हटलंय, साहेब."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, तो प्रश्न कडेला घ्या, लोकांच्या तोंडावर नको. म्हणजे शेजारीण खिडकी. नाथाजीनं आयुष्यात पहिल्यांदा 'शो मोडल' खोडून नुसतं 'शो' लिहिलं. एकदा सुरू केल्यावर मात्र त्यानं सगळंच कडेला घेतलं. पावसाची सूचना कडेला, साखरेची कडेला, बैठकीची कडेला. एक मिटल्याशिवाय दुसरी उघडायची नाही असा नियम संतरीच्या राज्यात होता, तो शेजारणींना लागू नव्हता. त्या एकीवर एक साचत गेल्या. कारखान्याच्या सभेत साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर साईट उघडली, तेव्हा एकवीस खिडक्या होत्या. उसाचा प्रश्न पावसाच्या मागं गेला होता आणि पाऊस बैठकीच्या मागं. साहेब दहा मिनिटं एकेक सरकवत होते. अध्यक्षांनी विचारलं, आपण नक्की काय बघतोय? नाथाजी उठून पडद्याजवळ गेला, आणि उसाचा प्रश्न त्यालाही सापडेना.

सभा संपल्यावर तो साहेबांपुढं ताठ उभा राहिला आणि विचारलं, "साहेब, काम कायम माझ्याकडं राहणार का न्हाई?"

साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "बघू."

त्या दिवसापासून नाथाजीचं मागचं पान करडं पडलं. मिरजेच्या एका दातांच्या डॉक्टरांना साईट हवी होती. नाथाजी म्हणाला, आधी कारखान्याचं उत्तर येऊ द्या. एका शाळेचं काम आलं, तेही थांबलं. बँकेच्या दारावर माणूस हवा म्हणून जुन्या सुभेदारांचा निरोप आला. त्यालाही हेच सांगितलं. तो रोज आठला येऊन हजेरी घ्यायचा आणि चाकांच्या खुर्चीवर बसून मोबाईलकडे बघायचा. मी दोनतीनदा समजवायला गेलो, पण बघूचा अर्थ गेल्या खेपेला माझ्याच हातून निसटला होता, त्यामुळं माझ्या बोलण्यात जोर नव्हता.

रेश्मा एकदा डबा घेऊन वर आली. हातात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही होती, ती टाचता टाचता म्हणाली, "आवं, साहेब बघू म्हणलं न्हवं, त्येच उत्तर हुतं."

नाथाजी म्हणाला, "उत्तर असतं तर खिडकी मिटली असती."

ती खाली उतरली आणि जाताना माझ्याकडे एका ब्लाउजचं माप ठेवून गेली, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. आठ महिने असे गेले. मध्ये हंगाम सुरू होऊन संपलाही. तात्याबांचा ऊस अर्धा इकडे गेला आणि अर्धा तिकडे. साईट पुण्याच्या कुणीतरी नव्यानं केली, त्यात प्रश्नच नाही. हे मी नाथाजीला सांगितलं. ते कळवायचं काम साहेबांचं आहे, तुमचं नाही, असं त्यानं मला शांतपणे सुनावलं.

जूनमध्ये वरच्या खोलीचा करार संपला, तरी साहेबांचं उत्तर आलं नव्हतं. नाथाजी आता विश्रामबागेतल्या एका बँकेच्या दारात सुरक्षारक्षक आहे. ड्यूटी सकाळी नऊ ते सहा, रविवारी सुट्टी. चाकांची खुर्ची रेश्मा शिवणाला वापरते.